गाण्याचे घर कोठे असते?



गेल्या उपवासकाळात आमच्या हातून एक चूक झाली. आजचा अभ्यास त्या चुकीतूनच सुरू झाला आहे, म्हणून ती आधी सांगतो.

क्रुसाच्या वाटेच्या वेळी आपल्याकडील जुन्या बायका एक गीत म्हणतात. ते कोणत्याही गीतपुस्तकात नाही. आईकडून मुलीकडे, सासूकडून सुनेकडे असे ते आले आहे आणि इतकी वर्षे ते वाद्याशिवायच म्हटले जाई. दोन वर्षांपूर्वी आपण कीबोर्ड घेतला आणि बारावीत शिकणारा आपलाच एक मुलगा तो वाजवू लागला. मुलगा कष्टाळू आहे. त्याने कानाने ऐकून या गीताला तीन कॉर्ड बसवल्या. पण प्रत्येक ओळ संपत आली की काहीतरी खटके. कीबोर्ड एक सांगे आणि गीत उचलणाऱ्या आजी दुसरेच सांगत. आजींचे वय ऐंशीच्या घरात. त्यांचा सूर खाली पडतो असे आम्ही धरून चाललो. सरावाला सर्वांसमोर आम्ही त्यांना म्हणालो, "आजी, शेवटच्या आधीचा सूर जरा वर घ्या." आजी "बरं, फादर" म्हणाल्या. पुढच्या शुक्रवारी त्या मागच्या बाकावर जाऊन बसल्या आणि गायल्या नाहीत. त्या गायल्या नाहीत म्हणून त्यांच्या बरोबरीच्या चौघीही गायल्या नाहीत. चौदा स्थाने संपेपर्यंत चर्चमध्ये फक्त कीबोर्ड ऐकू येत होता.

ईस्टरनंतर एका घरी मृताच्या महिन्याच्या जपमाळेला जाणे झाले. वीज गेली होती. कीबोर्ड नव्हता, पेटी नव्हती. तेथे आजींनी तेच गीत उचलले आणि सात-आठ बायकांनी ते धरले. एकही सूर डळमळला नाही. शेवटच्या आधीचा तो सूर प्रत्येक कडव्याला त्याच जागी येत होता, आमच्या मते जेथे तो 'पडत' होता नेमक्या त्याच जागी. जो सूर पन्नास वेळा एकाच जागी पडतो, तो पडत नसतो. त्याची जागाच ती असते.

त्या रात्री आम्ही सेमिनरीच्या दिवसांतील गिटार बाहेर काढले. तत्त्वज्ञानाच्या पदवीसाठी जे काही शिकलो त्यातले किती टिकले हे देव जाणे, पण त्याच काळात एका सहाध्यायाकडून शिकलेल्या चार कॉर्ड मात्र टिकल्या आहेत. एक एक सूर तपासत गेलो तेव्हा उलगडा झाला. आजींचा तो सूर कोमल निषाद होता. कीबोर्ड त्याच क्षणी शुद्ध निषाद वाजवत होता. आजींची चूक नव्हती आणि खरे तर त्या मुलाचीही नव्हती, कारण पुस्तकात शिकवतात तसेच तो वाजवत होता. कोणाचे ऐकायचे हे ठरवण्याचे काम आमचे होते आणि तेच चुकले.

आता मूळ विषयाकडे येऊ. घरी एक लहानसा प्रयोग करा. सा रे ग म प ध नी असे म्हणा आणि 'नी'वर थांबा. थांबवत नाही ना? पायरी चुकल्यासारखे वाटते. वरचा सा म्हटला की जीव भांड्यात पडतो. गाणे न शिकलेल्या माणसालाही हे कळते. याचा अर्थ, गाण्यातले सगळे सूर सारख्या दर्जाचे नसतात. त्यांतला एक सूर घर असतो. बाकीचे तेथून निघतात, फिरतात आणि तेथेच परत येतात. आपल्याकडे त्याला षड्ज म्हणतात, आधारस्वर म्हणतात. भजनाला बसलेला माणूस गाण्याआधी "पट्टी कोणती?" असे विचारतो, तेव्हा तो घराचा पत्ताच विचारत असतो. पाश्चात्त्य संगीतातही हेच आहे, नाव तेवढे वेगळे.

हे घर बदलले की तेच सूर वेगळे बोलू लागतात. ज्यांच्या घरी पेटी किंवा कीबोर्ड आहे त्यांनी काळ्या पट्टीला अजिबात हात न लावता, पांढरी एकला सा मानून, सलग आठ पांढऱ्या पट्ट्या वाजवाव्यात. हे आपले शुद्ध सप्तक, बिलावल थाट. इंग्रजी पुस्तकात याला मेजर म्हणतात. आता पट्ट्या त्याच ठेवा, पण पांढरी दोनला सा माना. ग आणि नी कोमल झाले. हा काफी थाट. पांढरी तीनपासून वाजवले तर भैरवीचे सूर मिळतात आणि पांढरी पाचपासून खमाजचे. पं. विष्णू नारायण भातखंडे (१८६०–१९३६) यांनी रागांची वाटणी दहा थाटांत केली. त्यांतले सहा थाट असे नुसत्या पांढऱ्या पट्ट्यांवर सापडतात. अर्थात थाट म्हणजे राग नव्हे. रागाला स्वतःची चाल, स्वतःची वळणे असतात. पण आपल्या आजच्या कामाला एवढे पुरे.

आपल्या चर्चच्या परंपरेला हे सप्तक परके नाही, हेही येथे सांगितले पाहिजे. ग्रेगोरियन गायनात सुरांच्या आठ रीती मानल्या आहेत. पहिल्या रीतीतील गीते पांढरी दोनवर विसावतात, म्हणजे जेथे आपला काफी थाट बसतो तेथेच. शिवाय हे गायन मुळात एका आवाजाचे आहे. सर्वांनी एकच चाल म्हणायची. त्याला कॉर्ड नसत.

मग कॉर्ड आल्या कोठून? कोणाला वाटेल की तीन सूर एकत्र दाबणे हा कृत्रिम प्रकार आहे. तसे नाही. चांगल्या लागलेल्या तंबोऱ्याची खर्जाची तार एकटीच छेडा आणि शांतपणे ऐका. सा ऐकू येतो. मग त्यात वरचा सा सापडतो, त्याच्या वर पंचम आणि सवय झाली की बारीकसा शुद्ध गांधारही. गवई लोक त्याला स्वयंभू गांधार म्हणतात. तार एकच, पण ती संपूर्ण लांबीने कंप पावते तशी अर्ध्या, एक तृतीयांश, पाव आणि एक पंचमांश भागांनीही कंप पावते. सा, ग, प या तिघांच्या कंपनांचे प्रमाण ४:५:६ असे सोपे आहे, म्हणून ते एकत्र गोड लागतात. सा-ग-प ही मेजर कॉर्ड एका तारेतच दडलेली आहे.

(जाता जाता. चर्चच्या युरोपीय घडणीच्या घंटेत साधारणपणे शुद्ध गांधाराऐवजी कोमल गांधार मिसळलेला असतो, म्हणून घंटेचा नाद आनंदाच्या दिवशीही थोडा गंभीर वाटतो. १७३९ च्या मोहिमेनंतर आपल्या वसईतून गेलेल्या घंटांपैकी एक नाशिकच्या नारोशंकराच्या देवळात आहे आणि एक भीमाशंकरला. कधी गेलात तर कान देऊन ऐका.)

पेटी मात्र या नैसर्गिक गांधाराशी पूर्ण प्रामाणिक नसते. सर्व पट्ट्यांतून गाता यावे म्हणून तिचे सप्तक बारा समान भागांत कापलेले असते. त्यामुळे तिचा शुद्ध गांधार तारेतल्या गांधारापेक्षा किंचित चढा असतो. आकाशवाणीने १९४० मध्ये पेटीवर बंदी घातली, त्यामागे असले आक्षेपही होते. ती १९७१ मध्ये सैल झाली. आम्हाला ती बंदी अतिरेकी वाटते. पेटी नसती तर गावोगावची भजने कशावर उभी राहिली असती? पण कान तयार असलेली माणसे कुरकुरत होती ती उगीच नव्हे.

आता तीन कॉर्डची गोष्ट. शुद्ध सप्तकात सा-ग-प ही पहिली कॉर्ड, म-ध-सा ही दुसरी आणि प-नी-रे ही तिसरी. या तिघींचे सूर एकत्र करा. सा रे ग म प ध नी, सातही आले. म्हणूनच शुद्ध सप्तकातल्या बहुतेक कोणत्याही चालीला एवढ्या तीन कॉर्डवर साथ करता येते. जगभरातली असंख्य लोकप्रिय गाणी आणि आपल्या गीतपुस्तकातली निम्मी गीते त्यांवर चालतात. यांत प-नी-रे महत्त्वाची, कारण तिच्यात शुद्ध नी आहे. मघाशी आपण अडकलो होतो तोच नी. तो सा च्या अगदी दाराशी उभा असतो आणि आत ढकलतो. ही कॉर्ड वाजली की ऐकणाऱ्याला 'आता घर येणार' हे आधीच कळते. फ्रान्समधील रामो या संगीतकाराने १७२२ मध्ये या सगळ्याची शास्त्रशुद्ध मांडणी केली आणि पुढची दीडशे-दोनशे वर्षे युरोपात बाहेर पडणे-परत येणे हाच नियम मानला गेला. आज दुकानात मिळणारे 'कीबोर्ड शिका' छापाचे पुस्तकही तोच नियम शिकवते. पुस्तक वाईट नाही. ते एका प्रकारच्या घराबद्दल बोलते, पण घरे अनेक प्रकारची असतात एवढेच ते सांगायला विसरते.

आपल्या शेजारी गोव्यात हा स्वरमेळ लोकांच्या गळ्यात कसा उतरला ते पाहण्यासारखे आहे. पोर्तुगीज काळात तेथील चर्चच्या शाळांतून मुलांना सुरांचे लेखन, गायन आणि व्हायोलिन शिकवले जाई. एकोणिसाव्या शतकात तेथे मांडो बहरला. मांडो ऐकताना नीट लक्ष द्या. मुख्य आवाज चाल म्हणतो आणि दुसरा आवाज खालून किंवा वरून, एक सूर मध्ये सोडून, सोबत चालतो. पहिला ग वर असेल तर दुसरा सा वर, पहिला म वर गेला की दुसरा रे वर. दुसरा आवाज बहुधा त्याच चालीच्या सुरांतून आपले सूर घेतो. खाली घुमट वाजत असते. कोणी कॉर्डचे पुस्तक उघडलेले नसते, तरी दोन्ही आवाज एकाच घरात नांदतात.

याच शाळांतून तयार झालेले गोव्याचे वादक मुंबईत आले आणि चित्रपटसंगीतात शिरले. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस (१९२७–२०१२) हे त्यांतले ठळक नाव. प्यारेलाल आणि राहुलदेव बर्मन यांना त्यांनी शिकवले. १९७७ च्या 'अमर अकबर अँथनी' चित्रपटातील गाण्यात प्यारेलाल यांनी आपल्या गुरूचे नाव घातले हे आज अनेकांना ठाऊक नसते. लोक फक्त अंड्यातून बाहेर येणारा नायक आठवतात. गोन्साल्विस यांना राग आणि वाद्यवृंद यांची गाठ घालायची होती. त्यासाठी त्यांनी १९५८ मध्ये मुंबईत स्वतंत्र वाद्यवृंद उभारला. ही गाठ अवघड का होती? एका बाजूला चाल, जी एका घराला धरून वळणे घेत जाते. दुसऱ्या बाजूला कॉर्ड, ज्या दर थोड्या वेळाने जागा बदलू पाहतात. जुन्या हिंदी गाण्यांत याची तोड कशी काढली आहे ते ऐकून पाहा. कित्येकदा गायिकेच्या मागे जाड कॉर्ड नसतातच. व्हायोलिनांची एक लांब ओळ असते. ती गायिका थांबली की बोलते, गायिका बोलू लागली की मागे सरते.

आता आजींच्या गीताकडे वळू. आजींची पट्टी पांढरी दोन. चाल काफीच्या सुरांची, म्हणजे तिला एकही काळी पट्टी लागत नाही. मुलाने पहिली कॉर्ड सा-कोमल ग-प अशी धरली, गिटारच्या भाषेत डी मायनर. ती बरोबर होती. ओळीच्या शेवटी घरी परतायचे म्हणून त्याने पुस्तकाप्रमाणे प-शुद्ध नी-रे धरली, म्हणजे ए मेजर. या कॉर्डमध्ये काळी एक दाबावी लागते. सबंध गीतात ती एकच काळी पट्टी होती आणि तीच सगळे बिघडवत होती. आजी पांढरी एकवर, कीबोर्ड काळी एकवर. दोन सूर एकमेकांना खेटून, एकाच वेळी. खटकणार नाही तर काय होईल? आणि आमचे कान इतके पुस्तकी झालेले की माणसापेक्षा यंत्र खरे वाटले.

उपाय सोपा निघाला. साथीच्या कॉर्ड चालीच्याच सुरांतून घ्यायच्या. काफीच्या सुरांतून सा-कोमल ग-प मिळते, कोमल नी-रे-म मिळते, म-ध-सा मिळते आणि हवी असल्यास प-कोमल नी-रे मिळते. पांढरी दोनच्या पट्टीत त्या अनुक्रमे डी मायनर, सी, जी आणि ए मायनर होतात. ओळीच्या शेवटी ए मेजरच्या जागी सी धरली, मग डी मायनर. बस्स. गीत घरी आले. फरक असा की शुद्ध निषाद ढकलतो तसा कोमल निषाद ढकलत नाही. तो सा पासून एक पूर्ण पायरी लांब उभा असतो, त्यामुळे परत येणे सावकाश होते. क्रुसाच्या वाटेवर म्हणायच्या गीताला घाई कशाला हवी?

हा घोटाळा फक्त आमचाच नाही, हे कळल्यावर थोडे हायसे वाटले. एकोणिसाव्या शतकात युरोपातील ऑर्गनवादक ग्रेगोरियन गीतांना नव्या कॉर्डची साथ देऊ लागले आणि त्यासाठी जुन्या चालींतले सूर चढवू लागले. पॅरिसमध्ये चर्चसंगीताची शाळा चालवणारे लुई निडरमायर यांनी १८५७ च्या सुमारास एका सहकाऱ्याबरोबर ग्रंथ लिहून स्पष्ट सांगितले की साथीत फक्त त्या रीतीचेच सूर असावेत, बाहेरचा सूर घेऊ नये. इंग्लंडमध्ये सेसिल शार्प यांनी १९०३ पासून खेड्यांतली गाणी गोळा केली. त्यांतल्या पुष्कळ चालींचा निषाद कोमल. शिकलेल्यांना वाटे, खेडूत बेसूर गातात. शार्प यांनी १९०७ च्या पुस्तकात दाखवून दिले की हे लोक वेगळ्या, जुन्या सप्तकांत अगदी नेमके गातात. त्यांच्याच काळातील पर्सी ग्रेंजर यांनी १९०६ मध्ये म्हाताऱ्या गायकांचे आवाज ध्वनिमुद्रण यंत्रावर घेतले आणि पुन्हा पुन्हा ऐकले. त्यांना आढळले की काही गायकांचे गांधार आणि निषाद गीताच्या ओघात हलतात, एका जागी खिळलेले नसतात. आजींचा कोमल गांधारही पेटीच्या पट्टीवर तंतोतंत बसत नाही, जरासा वर असतो. आम्ही आता त्याबद्दल काही बोलत नाही. एकदा बोललो तेवढे पुरे झाले.

तरुण वाचकांना वाटेल, फादर जुन्यापुराण्यात रमले. मग बीटल्सचे 'हे ज्यूड' ऐका, १९६८ चे. त्याचा लांबलचक शेवट, जो सर्वजण मिळून गातात, कोणत्या कॉर्डवर फिरतो? सा-ग-प, मग कोमल नी-रे-म, मग म-ध-सा आणि पुन्हा सा-ग-प. शुद्ध निषादाची, पुस्तकातली ती ढकलणारी कॉर्ड तेथे येतच नाही. कोमल निषादावरून घरी परतणे लिव्हरपूलच्या पोरांना चालते, तर आपल्या आजींना का चालू नये?

एवढे समजल्यावर प्रत्येक गीताला बरोबर कॉर्ड लावून मोकळे व्हावे असे वाटेल. येथे मात्र थोडे थांबायला हवे. घरातल्या लहान मुलाला फक्त काळ्या पट्ट्यांवर काहीही वाजवू द्या. पाच सूर आहेत, काहीही वाजवले तरी कानाला बोचत नाही. 'अमेझिंग ग्रेस'ची चालही अशा पाच सुरांतच बसते. आता मूल वाजवत असताना तुम्ही खालच्या सप्तकातली काळी तीन दाबून धरा. सगळे प्रसन्न वाटेल, भूपासारखे. मग ती सोडून खालची काळी दोन धरा. मूल तेच वाजवत आहे, पण आता त्यात उदासी आली. मुलाने काही बदलले नाही. घर कोठे आहे हे तुम्ही ठरवलेत.

आमच्या मते या अभ्यासातली सर्वांत गंभीर गोष्ट हीच आहे. साथ म्हणजे गाण्यावर चढवलेला दागिना असे आपण समजतो. प्रत्यक्षात साथ हे भाष्य असते. नुसता सा घ्या. तो सा-ग-प मध्ये बसतो, म-ध-सा मध्ये बसतो आणि ध-सा-ग मध्येही बसतो. गाणारा फक्त सा म्हणतो. तो सा सुखाचा, वाटेवरचा की दुःखाचा, हे साथ करणारा ठरवून टाकतो. सेमिनरीत आम्हाला शिकवले होते की भाष्यकाराने आधी मूळ ग्रंथ वाचावा. परीक्षेत आम्ही ते व्यवस्थित लिहिले होते. उपवासकाळात, कीबोर्डशेजारी उभे असताना, आठवले नाही.

काही गीतांना तर भाष्य नकोच असते. जात्यावरच्या ओव्या पाहा. कित्येक चाली तीन-चार सुरांतच फिरतात. त्यांचे घर एवढे लहान की कॉर्ड बदलायला जागाच नसते. साथ असते ती जात्याच्या घरघरीची, आणि ती तंबोऱ्यासारखी एका जागी असते. हेमा रायरकर आणि गी प्वातवाँ यांनी महाराष्ट्रातील खेड्यांतून अशा एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. त्यांतील पुष्कळ बायकांच्या आवाजात ध्वनिमुद्रितही झाल्या आहेत आणि त्या कॉर्डवाचून कोठेही उण्या वाटत नाहीत. फादर स्टीफन्स यांचे 'ख्रिस्तपुराण' १६१६ मध्ये छापले गेले, तेही ओवीतच, गाऊन म्हणण्यासाठी. भैरव थाटाच्या चालींचेही तसेच. कोमल रे मुळे प वरची कॉर्ड तेथे बसतच नाही, ओढूनताणून लावली तर लंगडते. अशा वेळी सा आणि प एवढेच धरून ठेवावे. कीबोर्ड वाजवणाऱ्या मुलांना हे फार कंटाळवाणे वाटते, आम्हाला ठाऊक आहे. दोन बोटे दाबून पाच मिनिटे बसणे म्हणजे काय वाजवणे झाले? पण तंबोरा धरणारा शिष्यही तेवढेच करतो, आणि त्याला कोणी रिकामटेकडा म्हणत नाही.

दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६३ च्या उपासनाविषयक दस्तऐवजात सांगितले की ज्या लोकांची स्वतःची संगीतपरंपरा आहे त्यांच्या परंपरेला योग्य ते महत्त्व द्यावे. हे वाक्य आम्ही प्रवचनांत अनेकदा वापरले आहे. त्या परंपरेचा निषाद कोमल असू शकतो, इतक्या बारकाईने आम्ही ते वाचले नव्हते.

आम्ही आजींच्या घरी जाऊन आलो. सरावाला सर्वांसमोर बोललो होतो, म्हणून मिस्सानंतर सर्वांसमोर माफीही मागितली. आजी हसल्या आणि म्हणाल्या, "फादर, माझी आई याहून खाली घ्यायची." तो मुलगाही शेजारीच उभा होता. त्याने लगेच विचारले, "किती खाली? म्हणून दाखवा ना, आजी." आजींनी म्हणून दाखवले. ते आमच्या मोबाइलमध्ये आहे, ज्यांना ऐकायचे असेल त्यांनी ऑफिसात यावे.

यापुढे सराव गुरुवारी संध्याकाळच्या जपमाळेनंतर सभागृहात होईल. जुनी गीते घेताना पहिले कडवे वाद्याशिवाय म्हणायचे. घर कोठे आहे, कोणता सूर कोमल आहे, हे मुलांनी कान देऊन लिहून काढायचे आणि मगच साथ बसवायची. दुसऱ्या कडव्याला फक्त सा आणि प. कॉर्ड लागल्याच तर तिसऱ्यापासून, आणि गीत उचलणाऱ्या बाईने मान हलवली तरच. मांडवातली, उंबराच्या पाण्याची, बाळाला निजवण्याची गाणी ज्यांच्या आईला किंवा आजीला येतात त्यांनी ती मोबाइलवर घेऊन आणावीत. आवाज थकलेला असला तरी चालेल, मागे टीव्ही मात्र बंद असावा. कीबोर्डवर आपोआप कॉर्ड आणि ताल वाजवणारे जे बटण आहे, त्यावर आम्ही चिकटपट्टी लावली आहे. ती कोणी काढू नये.